सहा हजारांची खोली आणि हजार रुपयांची नोंदणी

नागपुरात खोली शोधणारा माणूस आधी गेटवरची पाटी वाचतो : ‘रूम किरायाने देणे आहे’. खाली मोबाइल नंबर आणि बहुतेक वेळा ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी एक ओळ. किरायाचा आकडा पाटीवर नसतो. तो फोनवर कळतो, आणि फोनवर कळलेला आकडाही पुरा नसतो. मानेवाडा-बेसा पट्ट्यात, रिंग रोडच्या पलीकडच्या एखाद्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर ६,००० रुपयांना ठरले असे धरू. ही खोली मे महिन्यात केवढ्याला पडते?

कूलरपासून सुरुवात करावी लागते, कारण नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा कूलर ही चैन नसते. पंखा आणि पंप धरून साधा कूलर २०० वॉटच्या आसपास वीज घेतो. चौदा तास चालला तर दिवसाला २.८ युनिट, महिन्याला ८४. फ्रिज, पंखे, दिवे, मोबाइल यांचे ७० युनिट धरा. झाले १५४. घरमालकाने सबमीटर (मुख्य मीटरखाली खोलीपुरते वेगळे मीटर) लावून युनिटला १२ रुपये सांगितले असतील तर बिल १,८५० च्या घरात. बोअर आटल्यामुळे टँकरची वर्गणी ४००, जिन्यातला दिवा, मोटार आणि झाडलोट यांचे ३००. सहा हजारांची खोली साडेआठ हजारांवर गेली. यात वावगे काही नाही, वीज वापरली तर पैसे द्यावेच लागतात. पण खोली ठरवताना यातला एकही आकडा कागदावर नव्हता आणि कुणी तोंडानेही सांगितला नव्हता.

पहिल्या दिवशीचा खर्च तर वेगळाच. तीन महिन्यांचे डिपॉझिट १८,०००, पहिला किराया ६,०००, दलालामार्फत आलात तर एका महिन्याची दलाली ६,०००. एकूण ३०,०००. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत पंधरा-सोळा हजारांवर लागलेल्या पोराकडे हे पैसे कुठून येणार? तो गावाकडून मागवतो, नाहीतर उसने घेतो, नाहीतर चौघांत एक खोली करतो.

परवडणाऱ्या घरांची चर्चा निघाली की आपण लगेच नवीन बांधकामाकडे वळतो. ती हवीतच. पण २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे कुलूपबंद आढळली होती, आणि नागपूरच्या बाहेरच्या ले-आऊटमधून संध्याकाळी चक्कर मारली तर वरचे मजले अंधारात दिसतात. घर आहे, घर हवे असणारा माणूस आहे, आणि दोघांच्या मध्ये भीती आहे. ती कमी करणारे साधन कायद्याने केव्हाच दिले आहे : नोंदणीकृत करार. लहान किरायाच्या घरांसाठी त्याची नोंदणी फी सरकारने माफ करावी आणि नोंदणीची सोय चालत जाता येईल इतक्या अंतरावर आणावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी घरमालकाची भीती समजून घेतली पाहिजे, कारण ती निराधार नव्हती. विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेश पन्नास वर्षे चालला. घर रिकामे झाले की मालकाने सरकारला कळवायचे, आणि ते कुणाला द्यायचे हे अधिकारी ठरवू शकत. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधीही रेंट कंट्रोलर या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागे. ती मिळाल्यावर पुढे दिवाणी कोर्ट होतेच. महाल, इतवारी, सीताबर्डी भागातल्या जुन्या घरांत हा अनुभव पिढ्यांनी घेतला. वडिलांनी ठेवलेला किरायेदार मुलाच्या म्हाताऱ्यापणापर्यंत चाळीस रुपयांवर राहिला, असली गोष्ट त्या घरांतून ऐकायला मिळते. त्यातूनच ‘किरायेदार ठेवू नये, ठेवलाच तर वर्षाच्या आत काढावा’ हे शहाणपण रुजले.

तो आदेश आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मुंबईचा, मराठवाड्याचा व विदर्भाचा असे तिन्ही जुने कायदे मोडीत काढले. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने द्या किंवा लीव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी म्हणून) द्या, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाने खरे तर याच कलमातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी : नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने ते खोटे ठरवेपर्यंत.

म्हणजे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ‘काम झाले’ म्हणणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असेल तर कलम २४ त्याच्या कामी येते. मुदत संपूनही राहणाऱ्याविरुद्ध दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येते, कराराचा मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. या मार्गालाही वेळ लागतो हे खरे. पण नोटरीच्या कागदावर तो मार्गच उघडत नाही.

बारा वर्षांच्या गोष्टीचेही तसेच. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हे चौकाचौकात ऐकू येते. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षे ही मालकाचा हक्क नाकारून, त्याच्या विरोधात घेतलेल्या ताब्यासाठी आहेत. किराया देणारा माणूस मालकाच्या परवानगीने राहतो. परवानगीचा ताबा विरोधी होत नाही, आणि त्या परवानगीचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे हाच नोंदवलेला करार.

अकरा महिन्यांचे काय? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून तिचा काहीही उपयोग नाही. इथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. तरी स्टेशनरीच्या दुकानात छापील मसुदा मिळतो तो अकरा महिन्यांचाच, आणि ‘याला रजिस्ट्री लागत नाही’ हे वाक्य त्यासोबत फुकट मिळते.

मग लोक नोंदणी का करत नाहीत? एक कारण अज्ञान. दुसरे पैसे, आणि इथे सरकारची चूक स्पष्ट दिसते. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे : सगळ्या मुदतीचा किराया, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर. आपल्या खोलीचा हिशोब मांडू. ६,००० गुणिले ११ म्हणजे ६६,०००. १८,००० डिपॉझिटवर अकरा महिन्यांचे व्याज १,६५०. बेरीज ६७,६५०. त्याचे पाव टक्का म्हणजे १६९ रुपये, शंभरात पूर्ण करूनही दोनशे. हे न्याय्य आहे, कारण ते किरायाच्या प्रमाणात आहे. पण त्यावर नोंदणी फी शहरी हद्दीत सरसकट १,००० रुपये. ग्रामीण भागात ५००. रामदासपेठेतला ४०,००० चा फ्लॅट असो की मानेवाड्यातली सहा हजारांची खोली, फी तीच. चाळीस हजारवाल्याला ती महिन्याच्या किरायाच्या अडीच टक्के पडते, सहा हजारवाल्याला जवळपास सतरा टक्के. त्यात बोटांचे ठसे घेणारे यंत्र घेऊन घरी येणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे. आणि हे सगळे दर अकरा महिन्यांनी. अशा वेळी माणूस नोटरीकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही.

ही फी माफ होईपर्यंत एक उपाय मालक आणि किरायेदार दोघांच्या हातात आहे, तो फारसा वापरला जात नाही. करार ३३ महिन्यांचा करा. ०.२५ टक्क्यांचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला तोच आहे आणि नोंदणी फी एकदाच लागते. तीच खोली ३३ महिन्यांसाठी : किराया १,९८,०००, डिपॉझिटवरचे व्याज ४,९५०, बेरीज २,०२,९५०, शुल्क ५०७ रुपये. हजाराची फी आणि शंभरात पूर्ण केलेले शुल्क मिळून १,६०० रुपये. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ३,६००. वार्षिक वाढ घातली तर आकडे थोडे वर जातात, फरक तेवढाच राहतो. मालकाला तीन वर्षे अडकल्यासारखे वाटत असेल तर दोन्ही बाजूंना एका महिन्याच्या नोटिशीने करार संपवता येईल अशी अट लिहा. नोकरी बदलणाऱ्या किरायेदारालाही तीच अट सोयीची पडते.

आता कागदावर काय लिहावे, कारण पैसे झिरपतात ते न लिहिलेल्या जागेतून. विजेचे आधी. स्वतंत्र महावितरण मीटर असेल तर प्रश्न मिटला : बिल किरायेदाराचे, आत शिरतानाच्या रीडिंगचा फोटो करारासोबत. सबमीटर असेल तर दर लिहा, आणि तो कसा आला तेही. तीन बिऱ्हाडे एका मीटरवर असली की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. प्रत्येकाचा वापर शंभर-दीडशेचा असला तरी बिल चारशे युनिटचे होते आणि वरच्या युनिटना महाग दर लागतो. मालक नफा खात नसला तरी किरायेदाराला वीज महाग पडते, ती अशी. वीज कायद्यात, २००३ च्या, कलम ४३ हे मालक किंवा ताबेदार यांच्यापैकी कुणालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. नोंदवलेला करार हा ताब्याचा पुरावा असतो, तो इथेही उपयोगी पडतो. सबमीटर तपासायची रीत सोपी आहे. खोलीतली सगळी बटणे बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, आणि दोन मिनिटे मीटरच्या लाल दिव्याकडे बघा. तो लुकलुकत राहिला तर जिन्याचा दिवा, मोटार किंवा शेजारची खोली तुमच्या मीटरवर आहे.

डिपॉझिटवर सर्वाधिक भांडणे होतात, आणि बहुतेक रंगावरून. घर सोडताना ‘रंगाचे आठ हजार कापले’ हे ऐकून घ्यायचे नसेल तर आत शिरतानाच प्रत्येक भिंतीचा, नळाचा, सिंकचा, पंख्याचा, दाराच्या कडीचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवावा, आणि वस्तूंची यादी करारात घालावी. वापराने येणारी साधी झीज मालकाची, तोडफोड किरायेदाराची, हे एका ओळीत लिहिता येते. पाचशे रुपयांपर्यंतची दुरुस्ती किरायेदाराने करावी, त्यावरची मालकाने, अशी मर्यादा घातली तर नळाच्या वॉशरवरून फोन होत नाहीत. डिपॉझिट बँकेतून द्यावे, रोख नको. परत करण्याची तारीख लिहावी : चावी दिल्यापासून पंधरा दिवस. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची कमाल मर्यादा दोन महिन्यांची आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कुणाला बांधत नाही. दोन महिन्यांची मर्यादा महाराष्ट्राने घ्यावी असे मला ठामपणे वाटते. मात्र ती घेताना मालकाला जागा वेळेवर परत मिळण्याची हमीही पक्की केली पाहिजे, नाहीतर अंधारातले मजले आणखी वाढतील.

घर बघायची वेळही महत्त्वाची आहे. नागपुरात खोली मे महिन्यात दुपारी तीनला बघावी. सकाळी आठला सगळ्याच खोल्या चांगल्या असतात. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. भिंत भाजत असेल तर रात्री बारापर्यंत ती उष्णता आत येत राहणार. वर थेट गच्चीचा स्लॅब आहे की आणखी एक मजला, हे विचारा. या एका फरकावर कूलर आठ तास चालणार की सोळा, हे ठरते. कूलरचा लोखंडी स्टँड खिडकीबाहेर बसतो का, आणि हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला दुसरी खिडकी किंवा जाळीचे दार आहे का? नसेल तर तासाभरात खोलीत दमटपणा साचतो आणि कूलर नुसता आवाज करतो. बंदिस्त खोलीतला कूलर हे ‘कूलर असूनही झोप येत नाही’ या तक्रारीचे नेहमीचे कारण असते. छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे गेल्या पावसाळ्यात ओल आली होती असे समजावे. पाण्याचे विचारताना ‘पाणी आहे ना?’ असे विचारू नये. नळ किती वाजता येतो, टाकी किती बिऱ्हाडांत आहे, एप्रिल-मेमध्ये टँकर किती वेळा लागतो आणि त्याचे पैसे कसे वाटले जातात, असे विचारावे. एका कूलरला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागते. सहा बिऱ्हाडांच्या घरात तीनशेहून जास्त लिटर पाणी केवळ कूलर पितात.

स्वस्त किरायाच्या मागे फार लांब गेले तर वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात. कामाचे ठिकाण अठरा किलोमीटरवर असेल तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत नऊशेहून अधिक किलोमीटर होतात. पंचेचाळीसचे अ‍ॅव्हरेज धरले तरी एकवीस लिटर, म्हणजे दोन हजारांहून जास्त. मिहान (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) किंवा खापरीकडे जाणाऱ्याने म्हणूनच मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटे चालत येईल अशी खोली हजारभर जास्त देऊनही घ्यावी. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण झाल्यापासून लोकमान्य नगर ते प्रजापती नगर आणि ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी या रेषांवर हा हिशोब करता येतो. शोधताना ऑनलाइन जाहिरातींपेक्षा वस्तीतला इस्त्रीवाला आणि किराणा दुकानदार जास्त खरे सांगतात. खोली न दाखवता ‘टोकन पाठवा, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, तो स्वतःला फौजी म्हणवत असला तरी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही हिशोबात बसत नाही. फोनवर किरायाच्या आधी आडनाव विचारले जाते. मग जात, मग काय खाता, मग लग्न झाले का. दीक्षाभूमीच्या या शहरात नोकरी करणारा, वेळेवर पैसे देणारा माणूस आडनाव सांगितल्यावर ‘आत्ताच दिली हो खोली’ हे उत्तर ऐकतो. एकट्या बाईला तेच, मुस्लिम कुटुंबाला तेच. खासगी मालकाला थेट रोखणारी तरतूद भाडे कायद्यात नाही. याची किंमत केवळ अपमानाची नसते, रुपयांतही असते. ज्याला दहांपैकी दोनच दारे उघडतात त्याला त्या दोन दारांमागचा मालक सांगेल तो किराया द्यावा लागतो. भाडे कायद्यात भेदभावाला बंदी घालणारे कलम हवे. आणि जी घरे सार्वजनिक पैशाने किंवा सवलतीने उभी राहतील तिथे तर पहिल्या दिवसापासून हवे. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही कामगार, विद्यार्थी आणि नोकरदार महिला यांच्या घरांचा विचार आहे. हिंगणा, बुटीबोरी आणि मिहानच्या जवळ या योजनांतून खोल्या उभ्या राहिल्या तर पंधरा हजारांवर काम करणाऱ्याला आडनावाशिवाय दार उघडेल.

मालकांच्या मनातली आणखी एक अडचण कराची. करार नोंदवला की आयकर मागे लागेल, घरपट्टी वाढेल. वर्षाला एक लाखाहून जास्त किराया असेल तर नोकरदार किरायेदाराला घरभाड्याच्या वजावटीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून पावतीही नाकारली जाते. आयकराचा हिशोब बघू. महिना ६,००० म्हणजे वर्षाला ७२,०००. घरपट्टी वजा करून उरलेल्यातून ३० टक्के सरळ वजावट मिळते, म्हणजे करपात्र राहतात जेमतेम पन्नास हजार. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. वरचा मजला किरायाने देऊन पेन्शनला जोड देणाऱ्या बहुसंख्य ज्येष्ठांना यावर एक रुपयाही भरावा लागणार नाही. हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही. घरपट्टीबाबत महापालिकेने स्वच्छ लेखी जाहीर करावे की दहा हजारांपर्यंतच्या किरायाचा नोंदवलेला करार हे कर वाढवण्याचे कारण होणार नाही.

आणि नोंदणी फी माफ करावी. दहा हजारांपर्यंतच्या किरायाला शून्य, त्यावर हजार. उत्पन्न बुडेल हा आक्षेप टिकत नाही, कारण जे करार आज नोटरीकडे जातात त्यांच्यातून नोंदणी फी तशीही मिळत नाही. नोंदणी ऑनलाइन आहे, आधार आणि बोटाच्या ठशांवर चालते, मालक, किरायेदार आणि दोन साक्षीदार एवढीच माणसे लागतात. महापालिकेची दहा झोन कार्यालये आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी एक यंत्र, एक प्रशिक्षित कर्मचारी, भिंतीवर मराठीत करारनाम्याचा सोपा नमुना, आणि कामगारांना सुटी असते म्हणून रविवारी चार तास. हे काउंटर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवेत. परीक्षा संपून खोल्या रिकाम्या होतात त्या तेव्हा, आणि जूनमध्ये कॉलेजे उघडली की तेवढ्याच खोल्यांसाठी तिप्पट माणसे दारात उभी असतात.